एकविसावा खांब

संपादकांचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. "मॅडम, इतकी वर्षं पोरांच्या मनातली गणिताची भीती घालवताय, आमच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी प्रेरणादायी लिहा," म्हणाले. मी विचारलं, "खरं लिहू की प्रेरणादायी?" ते म्हणाले, "दोन्ही जमलं तर बघा की." बघते. नाही जमलं तर प्रेरणादायी भाग त्यांनी स्वतः घालावा, माझी हरकत नाही.

माझं नाव शमीम मुल्लाणी. शाहूपुरीत मोटारीच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर माझा गणिताचा क्लास. खाली हातोडीचा आवाज, वर माझा. पोरांच्या मते खालचा जास्त प्रेमळ आहे. खोलीत एक फळा, दोन सतरंज्या, एक पंखा आणि एक फिरती खुर्ची. खुर्चीचं पुढं सांगते, कारण सगळा घोटाळा तिच्यामुळंच झाला. खरं तर माझ्यामुळं झाला, पण खुर्चीला तोंड नाही म्हणून तिच्यावर ढकलणं सोपं जातं.

लोकांना वाटतं, क्लासवाली बाई गणित शिकवते. गणित शिकवायला फार वेळ लागत नाही हो. जिना चढून जे पोर माझ्याकडं येतं, ते बहुतेक वेळा कच्चं नसतंच. ते भ्यालेलं असतं, आणि ती भीती घरातनं डब्यासारखी बांधून दिलेली असते. आई दारातच सांगते, "आमच्या घराण्यात कुणालाच गणित न्हाय बगा, मॅडम." सांगताना चेहऱ्यावर असा अभिमान, जणू घराण्याला किताबच मिळालाय. मग पोराच्या डोक्यावर हात ठेवून, पोराच्या देखत, "हे तर लईच ढ हाय." आणि जिना उतरता उतरता, "तेवढा जरा कॉन्फिडन्स वाढवा त्याचा." व्हय, वाढवते की. तुम्ही खाली पोचेपर्यंत वाढवून ठेवते.

एकदा एक गुळाचे व्यापारी मुलाला घेऊन आले. बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, कॉन्फिडन्स यायला किती दिवस लागत्यात? गॅरंटी काय?" मी म्हटलं, "शेठ, तुम्ही फ्रिज घ्यायला आलाय का?" मग पोराकडं वळून नाव विचारलं. शेठ म्हणाले, "आदित्य." कितवीत? शेठ म्हणाले, "सातवीत." गणितात काय अवघड वाटतं रे? शेठ म्हणाले, "अपूर्णांक." मी म्हटलं, "बरं, सात आठे किती?" आता मात्र शेठ गप्प. पंखा फिरत राहिला. शेवटी पोरगं हळूच म्हणालं, "छप्पन्न." त्या घरात मुलाला वाक्य पूर्ण करू द्यायची ती पहिलीच वेळ असावी. शेठ इतके खूश झाले की, जाताना क्लासचंच कौतुक करून गेले. मी काहीही केलं नव्हतं. गप्प बसले होते, एवढंच. या धंद्यातलं निम्मं कौशल्य तेच आहे आणि ते मला अजून पुरतं आलेलं नाही, हे तुम्हाला पुढं कळेलच.

आता खुर्ची. माझ्या क्लासात शनिवारी 'चूक पकडा' असतं. मी फळ्यावर एक गणित मुद्दाम चुकवून सोडवते. जो चूक पकडेल, त्यानं उठून माझ्या फिरत्या खुर्चीत बसायचं आणि मी खाली सतरंजीवर. मग खुर्चीतल्यानं दरडावून विचारायचं, "का चुकलं?" आणि मी उभं राहून, मान खाली घालून सांगायचं, "चुकले, कारण घाई केली," नाहीतर "चुकले, कारण प्रश्न नीट वाचला नाही." मग मी ते गणित पुन्हा सोडवायचं आणि खुर्चीतल्यानं तपासायचं. पोरं या एका तासासाठी आठवडाभर जिना चढतात. मॅडमला मान खाली घालायला लावायची म्हणजे काय चेष्टा आहे! कागलहून एसटीनं येणारं एक पोर तर त्या खुर्चीत बसून इतकं गरगर फिरलं की खाली उतरल्यावर त्याला फळा सापडेना. चुकणं म्हणजे मरण नव्हे, हे पोरांना यातनं कळतं, असं मी सगळीकडं मोठ्या तोऱ्यात सांगायची. सोपंच होतं म्हणा. मी चुकत कुठं होते? चुकल्याचं नाटक करत होते. नाटकात मान खाली घालायला काय जातंय?

आणि मग सानिका आली.

गडमुडशिंगीची पोरगी, आठवीतली. वडील तानाजीराव, एमआयडीसीत फौंड्रीत ओतकामाला. घरी दोन म्हशी. आता तुम्हाला वाटेल, पुस्तकातलं गणित न येणारी ही पोरगी दुधाचं गणित तोंडी फाडफाड करत असेल आणि मॅडमचे डोळे उघडले असतील. तसं काही नाही. दुधाचंही चुकायचं. तशा गोष्टी इतर अंकांत वाचा.

सानिकाची तऱ्हा वेगळी होती. गणित सोडवायची आणि उत्तरावर तळहात ठेवायची. मी जवळ गेले की हात काढायच्या आधीच म्हणायची, "चुकलं असंल की, मॅडम." हात काढला की उत्तर बरोबर असायचं, पण तोवर तिनं खोडरबर घेऊन ते अर्धं पुसलेलं असायचं. दुसरी खोड म्हणजे टिंबं. कुठलंही गणित दिलं की ही आधी टिंबं काढणार. पाच ओळींत सात-सात झाडं म्हटलं, की पस्तीस टिंबं. मी ओरडायची, "अगं, पाच साते पस्तीस म्हण ना! टिंबं काय काढत बसलीस, रांगोळी आहे का ही?" ती मान हलवायची आणि कोपऱ्यात बारीक बारीक टिंबं काढायची. चार महिन्यांत तिच्या तोंडून वर्गात एकही उत्तर बाहेर पडलं नाही.

दिवाळीनंतर तानाजीराव मला भेटायला आले. माणूस मोठ्या आवाजाचा, पण त्या दिवशी जरा बसक्या आवाजात बोलला. "मॅडम, पोरगी घरात बी बोलंना झालीया. काय इचारलं की 'मला कुठं येतंय' म्हणत्या. भाजी कुठली आणू इचारलं तरी तेच. मला मार्कांचं काय न्हाय. एकदा तिच्या तोंडातनं 'ह्ये बरोबर हाय' असं ऐकू दे, बास. न्हायतर क्लास बंद करतो. रोज रडत यायचं आणि रडत जायचं, कशाला?"

मी छाती फुगवून म्हटलं, "तानाजीराव, पुढच्या रविवारी पालकांची सभा आहे. या तुम्ही. ऐकाल." अशी मी. गॅरंटी मागणाऱ्या शेठला हसले होते, आणि इथं स्वतःच देऊन बसले.

पालकसभा म्हणजे माझा वार्षिक तमाशा. पुढं पोरं, मागं भिंतीला टेकून पालक, आणि फळ्यापाशी मी, इस्त्रीची साडी नेसून. त्या दिवशी पालकांना दाखवायला मी शिष्यवृत्तीचं एक गणित काढलं. तुम्हीही करून बघा. शंभर मीटर लांबीचा सरळ रस्ता आहे, सुरुवातीपासून शेवटापर्यंत दर पाच मीटरवर एक खांब, तर खांब किती? शंभर भागिले पाच वीस, म्हणून सगळे वीस म्हणतात आणि फसतात. पहिला खांब शून्यावर असतो, त्यामुळं एक वाढतो. उत्तर एकवीस. हे गणित मी इतक्या वर्षांत इतक्यांदा शिकवलंय की, झोपेतनं उठवलंत तरी 'एक वाढवा' म्हणेन.

पण त्या दिवशी मला वाटलं, रस्ता नको, जरा नवीन काहीतरी करू. मी फळ्यावर एक छान गोल काढला. म्हटलं, "हे तळं. भोवती शंभर मीटर कुंपण. दर पाच मीटरवर एक खांब. किती खांब?" पोरं ओरडली, "वीस!" मी पालकांकडं बघून हसले. "फसला! सगळेच फसला! एक वाढवायचा. एकवीस." मागं पालकांनी माना डोलावल्या. एक आई म्हणाली, "बघा, कसं फसवत्यात परीक्षेत."

आणि हात वर झाला. सानिकाचा. आख्खा नाही, कोपरापर्यंत.

"मॅडम, वीसच येतंय."

चार महिन्यांत पहिलं उत्तर. मागं तानाजीराव भिंतीपासनं सरळ झाले. आणि मी, मुलांच्या मनातली भीती घालवणारी बाई, काय म्हणाले? म्हणाले, "बस खाली. हीच तर फसवणूक आहे. टिंबं काढलीस ना परत?" वर्ग हसला. पालकही हसले. सानिका बसली, खोडरबर घेतलं, वीस पुसलं आणि एकवीस लिहिलं. मी पुढच्या गणिताकडं वळले. तानाजीराव सभा संपायच्या आधीच जिना उतरून गेले.

संध्याकाळी घरी मी आमच्या ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. हे एसटीच्या वर्कशॉपमधनं निवृत्त झालेत. आम्ही भांडतो दख्खनी उर्दूत आणि पाढे म्हणतो मराठीत, त्यामुळं गणिताच्या गोष्टी मराठीत चालू होत्या. समोर थाळीत भाजलेले शेंगदाणे होते. ह्यांनी पाच-पाच मीटर म्हणत थाळीच्या काठाला एकेक दाणा ठेवायला सुरुवात केली. शंभरावर गोल पुरा झाला. मग बोट ठेवत ठेवत मोजले आणि म्हणाले, "शमीम, हे वीसच हायत की."

मी म्हटलं, "पहिला दाणा शून्यावर असतो."

"आणि शेवटचा?"

"शेवटचा शंभरावर."

"मग शंभर आणि शून्य एकाच जागी आलं की गं. गोल हाय न्हवं? एकविसावा खांब तू ठेवणार कुठं? पहिल्याच्या डोक्यावर?"

मी बोट ठेवत पुन्हा मोजले. वीसच. गोलात सुरुवात आणि शेवट एकच असतो, हे शेंगदाण्यांना कळलं, सानिकाच्या टिंबांना कळलं, पण मला नाही कळलं. ह्यांनी पुराव्यातला एक दाणा उचलून खाऊन टाकला.

आता कुणीही शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी काय केलं असतं? मी काय केलं ते ऐका. रात्रभर नाही, फक्त सकाळचा चहा होईपर्यंत विचार केला आणि मला उत्तम युक्ती सुचली. वर्गात गेले, कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं, "काय रे! काल एवढी मोठी चूक केली मुद्दाम, आणि एकालाही पकडता आली नाही?" वर्ग चक्रावला. मग पुढच्या ओळीतला अथर्व उभा राहिला. हा आमचा हुशार मुलगा. ह्याला अठ्ठ्याण्णव मिळाले तर आई उरलेले दोन शोधायला शाळेत जाते. अथर्व म्हणाला, "मॅडम, मला माहीत होतं. वीस." पोरगं धडधडीत खोटं बोलत होतं, काल सगळ्यात जोरात मान त्यानंच डोलावली होती. पण मी कुठल्या तोंडानं त्याला खोटारडा म्हणणार? मी म्हटलं, "शाब्बास!" आणि त्याला खुर्ची दिली. तो बसला, त्यानं विचारलं, "का चुकलं?" मी मान खाली घातली, "घाई केली." टाळ्या.

सानिका खोडरबर हातात धरून माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. तिला कळलं होतं. त्या खोलीत खरं काय झालं, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली मोठी होती ती खोटं बोलली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला, उचलला गेला नाही. रविवारी केएमटीच्या बसनं गडमुडशिंगी गाठली.

तानाजीराव गोठ्यात होते. मला बघून हात धुतले, बाज पुढं केली, "बसा, मॅडम," म्हणाले. पाहुणचारात कमी नाही आणि नजरेत ओळखही नाही. सानिका दारात उभी. मी वही मागितली. तिनं आणून दिली. त्या पानावर एक गोल होता, त्यावर फिकट वीस टिंबं. खाली वीस लिहून पुसलेलं, मग एकवीस लिहून पुसलेलं, मग इतक्यांदा पुसलेलं की तिथं कागदाला भोकच पडलं होतं.

"मी म्हटलं, का जाईनास गं क्लासला," तानाजीराव म्हणाले, "तर म्हणत्या, 'पप्पा, माझं चुकलं तर चूकच असतंय, आणि बरोबर आलं तरी चूकच हुतंय. मग कशाला जायाचं?' आता ह्येला मी काय उत्तर देऊ, मॅडम? मी फौंड्रीतला माणूस."

मी सानिकाला म्हटलं, "बाळ, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. मुद्दाम नाही, खरंच चुकलं. आणि नंतर मी खोटं बोलले. माफ कर मला."

ती म्हणाली, "असू दे की, मॅडम." जसं बसमध्ये पायावर पाय पडल्यावर म्हणतात, तसं. दारातनं हललीही नाही.

मला वाटलं, झालं, आपलं काम झालं. मी पदर सावरून उठणार, तोवर तानाजीराव म्हणाले, "मॅडम, राग मानू नगा. पर तिला खाली बसवलासा चाळीस माणसांफुडं. आणि माफी मागताय दोन म्हशींफुडं."

मी म्हशींकडं बघितलं. त्या रवंथ करत होत्या. त्यांना तळ्याच्या खांबांशी काही देणंघेणं नव्हतं.

आता खरं सांगते. परतीच्या बसमध्ये मी दहा सबबी शोधल्या. पालकांसमोर 'मला गणित आलं नाही' म्हणायचं? क्लासच्या पाटीवर माझं नाव आहे! उद्या गावभर होईल, मुल्लाणी मॅडमना गोल तळ्याचे खांब मोजता येत नाहीत. आणि मग ध्यानात आलं, की हीच भीती घेऊन ती पोरगी चार महिने माझा जिना चढत होती. मला तर फक्त एक दिवस चढायचा होता.

ग्रुपवर निरोप टाकला: येत्या शनिवारी सर्व पालकांनी यावे, महत्त्वाचे. पन्नास प्रश्न आले. क्लास बंद होतोय का? मॅडमची तब्येत? अथर्वच्या आईनं विचारलं, पेपर फुटला का? मी कुणालाच उत्तर दिलं नाही. तानाजीरावांना मात्र वेगळा फोन केला. "सानिकाला घेऊन या," म्हटलं. ते म्हणाले, "बघतो." आले. सानिका शेवटच्या ओळीत, बापाच्या गुडघ्याला टेकून बसली.

मी फळ्यावर तोच गोल काढला. या वेळी तळं जरा बटाट्यासारखं झालं. म्हटलं, "मागच्या सभेत मी या तळ्याला एकवीस खांब लावले. ते चूक आहे. वीसच लागतात. मी दुसऱ्या दिवशी म्हणाले, मुद्दाम चुकवलं होतं. तेही खोटं. मला खरंच आलं नव्हतं. मी एकवीस म्हटल्यावरही सगळ्यांसमोर फक्त सानिकानं बरोबर सांगितलं, आणि मी तिला खाली बसवलं. त्यामुळं खुर्ची तिची आहे."

अथर्व आपल्या पायांकडं बघू लागला. त्याला मी काही बोलले नाही. तो माझ्याकडनंच शिकला होता.

सानिका उठेना. तानाजीरावांनी पाठीवर हात ठेवला. मग ती उठली, पोरांच्या मधनं वाट काढत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली, जणू खुर्ची दुसऱ्याची आहे. मी खाली सतरंजीवर बसले. गुडघ्यानं आवाज केला. तिनं खालमानेनं, ऐकू येईल न येईल असं विचारलं, "का चुकलं?"

मी उभी राहिले. सवयीनं 'घाई केली' तोंडावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "चुकले, कारण पाठ केलेलं म्हणाले, समोरचं बघितलं नाही. आणि तू सांगितलंस तेव्हा ऐकलं नाही, कारण सगळ्यांसमोर चुकायला मी भ्याले."

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "तुमी भ्यालासा?"

"व्हय."

ती जरा मागं सरकून नीट बसली. खुर्ची करकरली. नियम होता, खुर्चीतल्यानं पुन्हा गणित सोडवून घ्यायचं. "मग आता टिंबं काढा," ती म्हणाली. मी काढायला लागले. पाचव्याला तिनं अडवलं, "हळू, मॅडम. मोजत मोजत." मी मोजत मोजत काढली. गोल पुरा झाला. "किती?" मी विचारलं.

"वीस."

मागनं तानाजीरावांचा आवाज आला, "काय? ऐकू आलं न्हाय."

"वीस!"

"मोठ्यानं, मोठ्यानं!"

"वीस म्हटलं की! बरोबर हाय! कान फुटलं काय, पप्पा?"

अख्खी खोली हसली, आणि या वेळी ती पण हसली. तानाजीराव रुमालानं तोंड पुसत होते. पंखा चालू असताना माणसाला इतका घाम का यावा, हे मी विचारलं नाही.

संपादकमहाराज, प्रेरणादायी भाग इथं संपला असं तुम्हाला वाटेल. पण नंतर पोरगी गणितात पहिली वगैरे आली नाही. सानिका आता दहावीत आहे. मार्क मध्यम, टिंबं चालूच. फक्त तिचं तोंड आता बंद होत नाही. गेल्या आठवड्यात मी फळ्यावर लिहीत असताना तिनं मला तीनदा अडवलं, "मॅडम, थांबा, चुकतंय." एकदा माझं चुकलं होतं, मी पुसलं. दोनदा तिचंच चुकलं होतं.

"बरं, चुकलं की," ती म्हणाली, आणि तळहात न ठेवता पुढचं गणित घेतलं.